दोन तारांची गळती: अतिसंवाहकापर्यंत वीज पोचवायची कशी?

हा भाग ऐकून बऱ्याच जणांनी कळवलं की आकडे कानावरून धावत गेले, लिहून द्या. म्हणून हे लिखित रूप. बोलतानाचे "म्हणजे काय की" काढून टाकलेत, बाकी ओघ तसाच ठेवलाय. रेकॉर्डिंगमध्ये मागे जी खटखट येते ती शेजारच्या मागांची आहे. सोलापुरात माग बंद व्हायची वाट बघत बसलं तर पॉडकास्ट होणार नाही.

सुरुवात एका श्रोत्याच्या प्रश्नापासून. हे गृहस्थ बार्शीचे. ग्रिडवरच्या भागात मी सांगितलं होतं की ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका तालात चालू लागलं. त्यावर यांनी विचारलं, "अतिसंवाहक तारेला रोधच नसतो म्हणता, मग असल्या लाइनी त्याच्याच का टाकत नाहीत?"

लांब लाइनपुरतं उत्तर सोपं आहे. तार नुसती टाकून भागत नाही, ती सगळीच्या सगळी गार ठेवावी लागते. सध्याच्या 'उच्च तापमान' अतिसंवाहकांतलं हे 'उच्च' म्हणजे द्रव नायट्रोजनचं तापमान, ७७ केल्विन, आपल्या भाषेत उणे १९६ अंश. शेकडो किलोमीटरचा थर्मास पुरायचा, त्यात ठिकठिकाणी गारवा भरायचा, हे अजून कुणाला परवडलेलं नाही. शहराच्या पोटात, जिथे जागाच नाही, तिथे छोट्या केबली टाकून झाल्या आहेत. जर्मनीत एसेन शहरात २०१४ मध्ये साधारण एक किलोमीटरची, १० हजार व्होल्टची आणि ४० एमव्हीएची अशी केबल प्रत्यक्ष वापरात आली.

पण मला आज वेगळ्याच जागेबद्दल बोलायचंय. केबल असो, चुंबक असो की ट्रान्सफॉर्मर, त्याच्या आत वीज शिरते ती दोन टोकांतून. बाहेर आपली चाळीस अंशांची दुपार, आत उणे १९६, आणि या दोघांना जोडणारा एक तांब्याचा दांडा. या दांड्याला लीड म्हणतात. उपकरण जितकं छोटं तितका या लीडचा प्रश्न मोठा, कारण बाकीची गळती आटोक्यात आणता येते, ही येत नाही. आणि याच जागेवर मी एकदा चांगला तोंडघशी पडलोय. तेही सांगतो.

आधी द्रव नायट्रोजनबद्दल. पुष्कळांना वाटतं ही प्रयोगशाळेतली चीज आहे. आपल्या जिल्ह्यात तो गावोगाव पोचलेला आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी ज्या रेतमात्रा लागतात त्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात कोपऱ्यात तो ॲल्युमिनियमचा घागरीसारखा कॅन असतो ना, तोच. इंडियन ऑइलचा असले कॅन बनवणारा कारखाना आपल्याच नाशिकमध्ये आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर तो नीट बघा. पोट मोठं आणि मान अरुंद, लांब. आतबाहेर दोन भांडी, मधली हवा काढून टाकलेली. मान धातूची नाही, फायबरग्लासची, कारण धातूची केली तर बाहेरची उष्णता मानेवरून सरळ आत उतरेल. रेतमात्रांचे डबे टांगायला बारीक, लांब दांडी. सगळी रचना एकाच गोष्टीसाठी, की वरून खाली उष्णता जाऊ नये. म्हणून ३५ लिटरचा चांगला कॅन न उघडता ठेवला तर दोन-तीन महिने सहज टिकतो.

आता याच कॅनमध्ये अतिसंवाहक गुंडाळी ठेवून तिला १०० अँपिअर द्यायचेत असं समजा. तांब्याच्या दोन लीड आत सोडाव्या लागतील. शक्य तितक्या उत्तम बनवल्या, आणि निघणाऱ्या वाफेचा फायदा धरला नाही, तरी दोघींतून मिळून ९ वॅट उष्णता आत जाईल. रात्रीच्या एलईडी बल्बाएवढी. एवढ्याने दिवसाला जवळपास पाच लिटर नायट्रोजन उडतो. महिनोन्‌महिने टिकणारा कॅन आठवड्यात कोरडा! बाकी काही बदललं नाही, फक्त दोन तारा आत गेल्या.

"मग तारा बारीक करा की," असं कुणीही म्हणेल. बारीक केली की उष्णता कमी शिरते हे खरं, पण रोध वाढतो आणि १०० अँपिअर जाताना तार स्वतःच तापते. ती उष्णता शेवटी खालीच उतरते. जाड केली तर रोध कमी, पण वरची उष्णता बिनबोभाट खाली. या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे जिथे बेरीज सर्वांत कमी होते. तिथे बाहेरच्या ३०० केल्विनपासून ७७ केल्विनपर्यंत दर लीडमागे, दर हजार अँपिअरला साधारण ४५ वॅट येतात. त्याखाली नुसत्या धातूच्या लीडने जाता येत नाही.

आणि गंमत अशी, की हा आकडा धातूवर अवलंबून नाही. तांबं घ्या, पितळ घ्या, ॲल्युमिनियम घ्या, ४५ च्या आसपासच. १८५३ मध्ये वीडमान आणि फ्रान्झ या दोन जर्मन शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की जो धातू वीज चांगली नेतो तो उष्णताही त्याच प्रमाणात चांगली नेतो. कारण दोन्ही ओझी वाहणारे हमाल एकच, इलेक्ट्रॉन. आजी उलथन्याला लाकडी मूठ लावून घ्यायची. लाकूड उष्णता नेत नाही, पण वीजही नेत नाही. आपल्याला हवी आहे अशी मूठ, जी वीज नेईल आणि उष्णता नेणार नाही. धातूंच्या दुकानात ती मिळत नाही.

लांबीचंही तसंच. लीड लांब केली की गळती कमी, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. खरं तर महत्त्वाचा असतो तो लांबी आणि जाडी यांचा मेळ. तांब्यासाठी हिशोब असा: अँपिअर गुणिले मीटरमधली लांबी, भागिले चौरस मिलिमीटरमधला काटछेद, याचं उत्तर ३.३ च्या आसपास यावं. म्हणजे १०० अँपिअर आणि ३० सेंटिमीटर लांबी असेल तर सुमारे ९ चौरस मिलिमीटर. लांबी एक मीटर केली तर ३० चौरस मिलिमीटर, आणि गळती तेवढीच! तांबं तिप्पट लांब, तिप्पट जाड, म्हणजे दहापट खर्च, आणि हाती काही नाही.

आता माझी फजिती.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात मुलांच्या प्रोजेक्टला मी मदत करत होतो. ओळखीतून अतिसंवाहक पट्टीचा हातभर तुकडा मिळाला होता. १२ मिलिमीटर रुंद, कागदासारखी पातळ, आणि नायट्रोजनमध्ये बुडवली की तीनशेच्या आसपास अँपिअर नेणारी. आम्ही त्यातून १०० च न्यायचे ठरवलं, म्हणजे भरपूर सुरक्षित. नायट्रोजन दवाखान्याच्या ओळखीतून आला. भांडं म्हणजे केटररकडचा स्टीलचा मोठा थर्मास, वर थर्माकोलचं झाकण. लीडसाठी मी, मोठ्या शहाणपणाने, ७० चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल निवडली. प्रत्येकी फूटभर. "जाड असलेली बरी, तापायला नको," हे माझे शब्द.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही वेळेवर थर्मास भरला, पट्टी आणि लीड आत सोडून झाकण लावलं. मग पाहुणे आले. मग नारळ, शाल, सत्कार, आणि दोन भाषणं. सव्वा तास गेला. या सव्वा तासात तारेतून एक अँपिअरही गेला नव्हता. शेवटी बटण दाबलं, दहा सेकंदांत फट्‌ असा आवाज आला आणि झाकणाखालून धूर. पट्टी सोल्डरच्या जोडाशी जळून तुटली होती.

जोड एका मुलाने केला होता. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "सोल्डर कच्चं ठेवलंस." तो काहीच बोलला नाही. ज्यांनी पट्टी दिली त्यांनाही मी कळवून टाकलं की पट्टीत दोष असावा. दोन्ही आरोप एका दिवसात, हिशोब न करता.

हिशोब त्या मुलाने केला. आठवड्याने किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घेऊन आला, त्यावर थर्मास ठेवला, त्याच वेल्डिंग केबली आत सोडल्या आणि दर मिनिटाला वजन लिहीत बसला. पद्धत इतकी साधी की मला सुचायला हवी होती. एक ग्रॅम नायट्रोजन उडायला १९९ जूल लागतात, त्यामुळे वजन किती घटतं यावरून आत किती वॅट शिरले ते सरळ निघतं. त्या जाडीच्या दोन केबलींतून, प्रवाह शून्य असताना, कागदावर ४२ वॅट येत होते. म्हणजे मिनिटाला साडेबारा ग्रॅम. काट्यावर दहाच्या आसपास दिसले. भाषणं चालू असताना नायट्रोजन उडत होता, पातळी जोडाच्या खाली गेली, पट्टीचं वरचं टोक उघडं पडलं आणि गरम होऊन साधी पट्टी झाली. मग १०० अँपिअरांनी तिचं काय करायचं ते केलं. केबलच्या वरच्या टर्मिनलवर पांढरं दव गोठलेलं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलंही होतं. मला ते शोभेचं वाटलं! खरं तर ती लीडची तक्रार असते. वरचं टोक गार पडलं म्हणजे लीड गरजेपेक्षा जाड आहे.

कागदावर साडेबारा आणि काट्यावर दहा, हा फरकही महत्त्वाचा आहे. उडालेला नायट्रोजन वर जातो तो उणे १९६ चाच वायू असतो. जाता जाता तो लीडला गार करतो, खाली उतरणारी उष्णता वाटेतच उचलून नेतो. लीड बनवणारे हीच गोष्ट मुद्दाम करतात. सलग दांड्याऐवजी बारीक तारांची जुडी एका नळीत ठेवतात आणि सगळी वाफ त्यातूनच बाहेर काढतात. द्रव हेलियममध्ये ही युक्ती जादूसारखी चालते. हेलियमला उकळायला अगदी थोडी उष्णता पुरते, पण त्या गार वायूला खोलीच्या तापमानापर्यंत यायला त्याच्या सुमारे ७५ पट उष्णता लागते. म्हणून ४.२ केल्विनपर्यंत जाणारी साधी लीड हजार अँपिअरला ४७ वॅट आत नेते, आणि वाफेने गार केलेली फक्त सव्वाएक. नायट्रोजनमध्ये हे प्रमाण जेमतेम सव्वापटीचं आहे, त्यामुळे फायदा गळती निम्म्याच्या आसपास येण्यापुरताच. हेलियमवरच्या जुन्या पुस्तकांतली लीड तशीच्या तशी उचलून नायट्रोजनमध्ये लावणाऱ्यांची निराशा होते ती इथे.

वेल्डिंग केबलीचा धडा शिकल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. घरच्या वायरिंगची ४ स्क्वेअर एमएमची तार लावली. यावेळी पट्टी नव्हतीच, खाली तांब्याची पट्टी जोडून नुसती लीड तपासत होतो. १०० अँपिअर दिल्यावर वरचं टोक कोमट, खालचं नायट्रोजनमध्ये, आणि मधोमध इन्सुलेशन वितळून काळं. दोन्ही टोकांपेक्षा मधला भाग जास्त तापतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण वास आल्यावर जास्त पटतं. लीडच्या हिशोबात जाड चुकीची शिक्षा नायट्रोजनच्या बिलात येते, बारीक चुकीची शिक्षा आगीत. म्हणून लोक थोडी जाडच ठेवतात, आणि ते बरोबर आहे.

तिसऱ्यांदा १० स्क्वेअर एमएमची तार घेतली, इन्सुलेशन सोलून धागे मोकळे केले. आणि इथे मला आवडलेली एक खूण सांगतो. वाफेचा आधार नसलेली लीड बरोबर मापाची असेल, तर तिच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ४५ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. १०० अँपिअरची असो वा दहा हजारांची, तोच. कारण तेव्हा वरून काहीच उष्णता आत येत नसते, तार स्वतः तापते तेवढीच खाली उतरते. आमच्या तारेचा हिशोब ४० येत होता, किंचित जाड होती. साध्या मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर हे दिसतं. पाच-दहा दिसले तर लीड लठ्ठ, शंभरावर गेले तर बटण बंद करा.

पण प्रवाह बंद केला तरी बरोबर मापाची लीडही साठ टक्क्यांच्या आसपास उष्णता आत नेतच राहते. यावरचा सर्वांत चांगला इलाज तुम्ही पाहिलेला आहे, फक्त माहीत नसेल. आपल्या शहरातल्या स्कॅन सेंटरांतली १.५ टेस्लाची एमआरआय यंत्रं आठवा. त्यांतलं चुंबक अतिसंवाहक, द्रव हेलियमच्या तापमानाचं. बसवताना त्यात लीड घालून काही शे अँपिअर भरतात, मग आतल्या आत गुंडाळीची दोन टोकं अतिसंवाहकानेच जोडून टाकतात. प्रवाह वर्षानुवर्षं गोल फिरत राहतो आणि लीड सरळ उपसून काढून घेतात. तारच नाही, तर गळती कुठली? केबल किंवा मोटरला मात्र ही चैन नाही. तिथे प्रवाह सतत आत-बाहेर करायचा असतो.

आता ती न मिळणारी मूठ. वीडमान-फ्रान्झचा नियम धातूंचा आहे, अतिसंवाहक तो पाळत नाहीत. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या करून वीज नेतात, पण या जोड्या उष्णता वाहत नाहीत. १९८६-८७ नंतर जे अतिसंवाहक सापडले ते तर मुळात सिरॅमिक, म्हणजे चिनीमातीच्या जातीचे, उष्णता कमी नेणारे. म्हणजे वीज नेणारी आणि उष्णता अडवणारी मूठ मिळाली, अट एकच की ती स्वतः गार हवी. म्हणून हेलियमच्या उपकरणांत आता लीडचे दोन मजले करतात. वर तांबं, साधारण ५० ते ७० केल्विनपर्यंत, तिथे एक वेगळं शीतयंत्र उष्णता काढून घेतं, आणि त्याखाली ४ केल्विनपर्यंत अतिसंवाहक.

यामुळे फरक किती पडतो पाहा. कॉम्प्रेसरवर चालणारं छोटं शीतयंत्र ४ केल्विनला एक-दीड वॅट उचलतं. १०० अँपिअरच्या दोन तांब्याच्या लीड थेट आत नेल्या तर ९ वॅटहून जास्त येतात, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी संपला. तेच ९ वॅट ५० केल्विनच्या मजल्यावर उतरवले तर ते यंत्र सहज पेलतं, कारण तिथे त्याची ताकद वीस-तीस वॅटांची असते. द्रव हेलियम न ओतता चालणारी चुंबकं या दुमजली लीडनंतरच शक्य झाली. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या मोठ्या कण-प्रवेगकात अशा हजाराहून जास्त लीड आहेत, सर्वांत मोठ्या १३ हजार अँपिअरच्या. त्यांतल्या पट्ट्या बिस्मथ असलेल्या सिरॅमिकच्या, आणि त्यांचं चांदीचं आवरण मुद्दाम सोनं मिसळून 'बिघडवलेलं' आहे. शुद्ध चांदी उष्णता फार छान नेते, तीच इथे नको. सोनाराला हे सांगून बघा! याच यंत्रासाठीचे छोटे अतिसंवाहक दुरुस्ती-चुंबक आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रामार्फत भारतातून गेले होते.

जोडांबद्दल थोडक्यात. त्याच यंत्रात १९ सप्टेंबर २००८ ला मोठा अपघात झाला. लीडमध्ये नव्हे, दोन चुंबकांमधल्या एका जोडात. अंदाजे २०० नॅनोओहम रोध, म्हणजे ओहमचा पन्नास लाखावा भाग. पण ८,७०० अँपिअरांवर तेवढ्याने १५ वॅट होतात, आणि हेलियमच्या तापमानाला १५ वॅट फार असतात. यंत्र वर्षभराहून अधिक बंद राहिलं. त्यामुळे जोड तपासायचा तो डोळ्यांनी किंवा ओरडून नाही, मायक्रोव्होल्ट मोजून. आमच्या जळलेल्या पट्टीचा दुसऱ्या टोकाचा जोड शाबूत होता. मोजला तेव्हा १०० अँपिअरला साधारण १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे शंभरावा भाग वॅट. सोल्डर उत्तम होतं.

सोलापूरच्या उन्हाचं काय, हेही दोघांनी विचारलंय. बाहेर २७ ऐवजी ४५ अंश धरले तर लीडची गळती सहा टक्क्यांनी वाढते, आणि तीच उष्णता बाहेर फेकायला शीतयंत्राला, आदर्श हिशोबातही, आठेक टक्के जास्त मेहनत पडते. एकूण पंधरा टक्के. म्हणजे मे महिना महाग आहे, अशक्य नाही. कंडेन्सर सावलीत ठेवण्यातून जास्त मिळेल.

आणि घरी हे करू पाहणाऱ्यांसाठी: एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. बंद खोलीत प्राणवायू संपतो आणि कळतही नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि थर्मासचं झाकण कधीही घट्ट लावू नका.

पट्टी देणाऱ्यांना मी दुसरं पत्र लिहिलं, दोष माझ्या केबलचा होता म्हणून, सोबत त्या मुलाचे वजनाचे तक्ते जोडले. त्यांनी आणखी एक तुकडा पाठवला, थोडा छोटा. तो कॉलेजातच लावला, पहिल्या वेळी हजर असलेल्या मुलांना बोलावून. बटण दाबायच्या आधी मी त्यांना सांगितलं की मागच्या वेळी जोड कच्चा नव्हता. त्या मुलाने मल्टिमीटरकडे बघतच "हो सर, मोजलाय" एवढंच म्हटलं. १०० अँपिअर चाळीस मिनिटं चालले, लीडवर ३८ मिलिव्होल्ट, वरचं टर्मिनल कोरडं, आणि दर दहा मिनिटांनी तो काट्याकडे बघून कपभर नायट्रोजन ओतत होता.